ऑइल सँड्सचं 'नवीन तंत्रज्ञान': पर्यावरणाचं काय, पैशाचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॅनडात कॅलगरीला राहतो, बारा-तेरा वर्षं ऑइल सँड्सच्या प्रोसेस साइडला काम केलंय, कुठल्या कंपनीत ते विचारू नका. दर दिवाळीला घरी फोन लावला की नाशिकचा मावसभाऊ, पुण्याचे काका आणि इथल्या मंडळातले दोन-तीन जण तेच तेच विचारतात, की नवीन टेक्नॉलॉजी आली म्हणे, आता प्रदूषण होत नाही म्हणे, शेअर घेऊ का. प्रत्येकाला वेगळं सांगून दमलो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी फायनान्शियल ॲडव्हायजर नाही, हे आधीच सांगतो.

प्र. ऑइल सँड्स म्हणजे नक्की काय? वाळूतून तेल गळतं का?

गळलं असतं तर हे सगळं रामायण झालंच नसतं. वाळू, चिकणमाती, पाणी आणि बिट्युमेन यांचं मिश्रण असतं ते, त्यात वजनाने साधारण १० ते १२ टक्के बिट्युमेन. बिट्युमेन म्हणजे आपलं डांबरच समजा. माझ्या डेस्कवर एक काचेची बरणी होती, जानेवारीत ती गाडीत राहिली आणि सकाळी उलटी केली तर आतला माल जागचा हलला नाही, दगड. तीच बरणी हॉट प्लेटवर ठेवली की थोड्या वेळात काकवीसारखी धार लागते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे रस्त्याचं डांबरीकरण चालू असतं ना, डिट्टो तोच वास. जमिनीखाली हे ८ ते १२ डिग्रीला पडलेलं असतं त्यामुळे विहीर खणली तरी ते आपणहून येत नाही.

हे सगळं कॅनडाच्या अल्बर्टा राज्यात, अथाबास्का, कोल्ड लेक आणि पीस रिव्हर अशा तीन पट्ट्यांत आहे, मिळून सुमारे १,४२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मं.

प्र. जुनी पद्धत कुठली आणि नवीन कुठली?

सगळ्यात जुनी म्हणजे खाण. वरचं जंगल आणि माती काढायची, राक्षसी डंपरने वाळू उचलायची आणि गरम पाण्यात घुसळून तेल वर आणायचं. हे गरम पाण्याचं तंत्र कार्ल क्लार्क नावाच्या संशोधकाने १९२० च्या दशकात बसवलं, पहिला मोठा कारखाना मात्र १९६७ ला चालू झाला. मधली चाळीसेक वर्षं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

पण खाण फक्त वरवरच्या साठ्याला चालते, साधारण ७० मीटरपर्यंत. ऐंशी टक्के साठा त्याच्या खाली आहे. तिथे सॅगडी लागतं, म्हणजे स्टीम-असिस्टेड ग्रॅव्हिटी ड्रेनेज. एकाखाली एक अशा दोन आडव्या विहिरी, मधे ५ मीटरचं अंतर, वरच्या विहिरीतून २०० डिग्रीच्या वरची वाफ सोडायची, बिट्युमेन पातळ होऊन खालच्या विहिरीत उतरतं, तिथून उपसायचं. रॉजर बटलर नावाच्या इंजिनिअरची ही कल्पना १९७० च्या दशकातली, अल्बर्टा सरकारने त्यासाठी जमिनीखाली बोगदे खणून टेस्ट सेंटर उभं केलं १९८० च्या दशकात, आणि पहिला कमर्शियल प्लांट आला २००१ च्या सुमारास. परत वीस-पंचवीस वर्षं.

आता जे 'नवीन' म्हणून विकलं जातं ते सगळं या सॅगडीच्या पुढचं. वाफेसोबत सॉल्व्हंट, नुसता सॉल्व्हंट, जमिनीखालीच आग लावणं, रेडिओ लहरींनी तापवणं, आणि खाणीत पाण्याशिवाय तेल वेगळं करणं.

प्र. सॅगडी चालतंय ना? मग नवीन कशाला?

एका आकड्यामुळे. स्टीम-ऑइल रेशो, आम्ही नुसतं एसओआर म्हणतो. एक बॅरल बिट्युमेन काढायला किती बॅरल पाण्याची वाफ लागली. चांगल्या जागेला २ ते २.५, बऱ्यापैकी जागेला ३, वाईट जागेला ४ आणि त्याच्या वर.

एक बॅरल पाण्याची वाफ करायला ढोबळ मानाने ४०० घनफूट नॅचरल गॅस जळतो. म्हणजे एसओआर ३ असेल तर एका बॅरल तेलामागे १,२०० घनफूट गॅस, आणि त्यातून साठ-पासष्ट किलो कार्बन डायऑक्साइड, आणि हे तेल अजून कुणाच्या गाडीत गेलेलंसुद्धा नाही. एसओआर ४ झाला की गॅसचं बिलही वाढलं आणि धूरही वाढला, दोन्ही एकाच मापाने. म्हणून मला जेव्हा कोणी विचारतं की 'पर्यावरणाचं सोड, पैशाचं सांग' तेव्हा मला कळत नाही काय सोडायचं, कारण या धंद्यात दोन्हीचं मीटर एकच आहे.

प्र. सॉल्व्हंटवाली पद्धत काय आहे? त्याचीच जास्त हवा आहे.

हाताला ऑइल पेंट लागला की आपण गरम पाण्याने धूत बसत नाही, टर्पेंटाइन लावतो. तेच. प्रोपेन, ब्युटेन किंवा कंडेन्सेटसारखं हलकं हायड्रोकार्बन वाफेसोबत खाली सोडायचं, बिट्युमेन त्यात विरघळून पातळ होतं, वाफ कमी लागते. काही पद्धतींत वाफ जवळजवळ बंदच.

थिअरी एकदम बरोबर आहे आणि लॅबमध्ये तर फारच सुंदर दिसतं. बटलरनेच नुसत्या सॉल्व्हंटच्या वाफेने तेल काढायची व्हेपेक्स नावाची पद्धत सुचवली होती, फिल्डवर ती लॅबइतकी पळाली नाही, फार हळू. नंतर वाफ अधिक सॉल्व्हंट असा मधला मार्ग निघाला. सेनोव्हस कंपनीने नॅरोज लेक हा प्रोजेक्ट सॉल्व्हंटवर करायचं ठरवलेलं, तेलाचे भाव पडल्यावर तो थांबवला. इम्पीरियल कंपनीने २०२४ मध्ये कोल्ड लेकला ग्रँड रॅपिड्स नावाचा टप्पा चालू केला, रोज १५,००० बॅरलचा, सॉल्व्हंट-असिस्टेड सॅगडी कमर्शियल लेव्हलला पहिल्यांदाच. कंपनी म्हणते उत्सर्जनाची तीव्रता ४० टक्क्यांपर्यंत कमी. 'पर्यंत' या शब्दावर पेन्सिलने गोल करून ठेवा.

प्र. मग यात अनिश्चित काय आहे?

खाली घातलेला सॉल्व्हंट परत किती येतो, हेच. माझ्या मते या सगळ्या विषयात एकच प्रश्न विचारायचा झाला तर हा विचारावा.

वाफ म्हणजे पाणी, ते थोडं खाली राहिलं तर फार कोणी रडत नाही. सॉल्व्हंट पैसे देऊन विकत आणलेला असतो आणि बऱ्याचदा तो बिट्युमेनपेक्षा महाग असतो. हिशोब करून बघू, आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, कुठल्या प्लांटचे नाहीत. रोज १५,००० बॅरल तेल, प्रत्येक बॅरलला ०.२ बॅरल सॉल्व्हंट, म्हणजे रोज ३,००० बॅरल खाली. ८० टक्के परत आला तर रोज ६०० बॅरल खालीच राहिला. वर्षाला सव्वादोन लाख बॅरलच्या आसपास. ५० डॉलर धरले तरी वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर जमिनीत पुरले. ९० टक्के आला तर हेच निम्मं. आता हा ८० की ९० कुठल्या लॅबमध्ये ठरत नाही, तो ठरतो खालच्या खडकात चिकणमातीचे थर किती, पाण्याचा पट्टा कुठे, वरती गॅसची पोकळी आहे का, यावर. आणि तो आकडा नक्की कळतो विहीर बंद करायच्या वेळी, म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी. तोपर्यंत प्रेझेंटेशन देणारा माणूस रिटायर झालेला असतो.

आम्ही पहाटे चारला सॅम्पल काढायचो, बाहेर उणे ३५, बाटलीत दुधाळ चहाच्या रंगाचं इमल्शन. त्यात पाणी किती, बिट्युमेन किती आणि सॉल्व्हंट किती हे लॅबमधून यायला वेळ लागायचा, कारण सॉल्व्हंट बाटलीचं झाकण उघडल्या उघडल्याच उडायला लागतो. म्हणजे मोजण्यातच घोळ. रिपोर्टमधला ८७.३ टक्के असा आकडा बघितला की तो दशांश कुठून आला असेल या विचाराने मला अजून हसू येतं.

प्र. जो परत येत नाही तो भूजलात जातो का?

सगळा जात नाही. बराचसा तेलाच्या थरातच, उरलेल्या बिट्युमेनमध्ये विरघळून राहतो, काही वायूच्या रूपात वरच्या बाजूला साठतो. वर कॅपरॉक म्हणजे झाकणासारखा अभेद्य खडक असतो, तो शाबूत असेल तर ठीक. प्रश्न येतो जुन्या विहिरींचा. या भागात पन्नास-साठ वर्षांत कोणी कोणी भोकं पाडून ठेवलीत, काहींचं सिमेंट धड नाही, आणि हलका वायू अशा फटी बरोबर शोधतो. वीस-तीस वर्षांनी काय होईल याचा अनुभवच नाही, कारण एवढ्या प्रमाणावर सॉल्व्हंट घालून वीस-तीस वर्षं झालेलीच नाहीत.

प्र. वाफेच्या दाबाने जमीन फुटते हे खरं आहे का? व्हॉट्सॲपवर आलं होतं.

हे मात्र खरं आहे. १८ मे २००६, जॉस्लिन क्रीक. टोटल या फ्रेंच कंपनीने आदल्याच वर्षी हा प्रोजेक्ट विकत घेतलेला. तेलाचा थर उथळ, वाफेचा दाब जास्त झाला, कॅपरॉक फाटला आणि जमीन स्फोट होऊन उडाली. साधारण १२५ बाय ७५ मीटरचा भाग उद्ध्वस्त झाला, दगड लांबवर फेकले गेले. नशीब की तिथे माणूस नव्हता.

दुसरं प्रिमरोज, २०१३. इथे सॅगडी नाही, वाफ जोरात कोंडायची आणि मग त्याच विहिरीतून उपसायचं अशी पद्धत. चार ठिकाणी जंगलात जमिनीला भेगा पडून बिट्युमेन आपोआप वर यायला लागलं आणि महिनोन्महिने येत राहिलं, दहा लाख लिटरच्या वर. विहिरीतलं असतं तर व्हॉल्व्ह बंद केला असता, भेगेला व्हॉल्व्ह कुठला? एक तळं अर्धवट उपसावं लागलं. अल्बर्टाच्या सरकारी नियामकाने नंतर सांगितलं की वाफ प्रमाणाबाहेर घातली आणि तिला जुन्या विहिरी, नैसर्गिक भेगा अशा वाटा मिळाल्या. कंपनी सुरुवातीला विहिरींच्या सिमेंटकडे बोट दाखवत होती. यानंतर उथळ साठ्यांसाठी दाबाचे नियम कडक झाले, ते चांगलं झालं, पण त्यामुळे काही लीज, म्हणजे तेल काढायला भाडेपट्ट्याने घेतलेल्या जागा, जवळजवळ निकामी झाल्या आणि त्या ज्यांच्या बॅलन्स शीटवर 'रिझर्व्ह' म्हणून मिरवत होत्या त्यांचं काय झालं ते तुम्हीच समजा.

प्र. पायलट यशस्वी झाला म्हणजे काम झालं ना?

पायलट म्हणजे फिल्डवरची छोटी चाचणी. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, मीसुद्धा, ते शेवटी सांगतो.

थाई नावाची पद्धत घ्या, टो-टू-हील एअर इंजेक्शन. आडव्या विहिरीला आम्ही पाऊल समजतो, टोकाला अंगठा, वळणाला टाच. अंगठ्याच्या बाजूने हवा सोडायची, जमिनीखालीच थोडं बिट्युमेन पेटवायचं, आग हळूहळू टाचेकडे सरकते आणि पुढचं तेल पातळ करत आणते. वाफ नको, पाणी नको, गॅस नको, वर तेल थोडं सुधारूनच येतं. पेट्रोबँक कंपनीने २००६ मध्ये कॉन्क्लिनजवळ व्हाइटसँड्सला पायलट पेटवला. ७०-८० टक्के तेल निघेल अशी भाषा होती, शेअर आकाशाला भिडला. प्रत्यक्षात विहिरीत वाळू यायची, उत्पादन कागदापेक्षा कितीतरी कमी, आणि जमिनीखालची आग कुठे पोचली हे बघायला खाली कोण जाणार. शेवटी ते गुंडाळलं गेलं आणि २०१४ मध्ये पेट्रोबँक दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. पायलट पेटला होता बरं का, आग लागली होती, तेलही आलं होतं. 'यशस्वी' म्हणायला तेवढं पुरतं.

दुसरं लाँग लेक, हा तर पायलट नव्हे, पूर्ण कमर्शियल, सहा अब्ज डॉलरच्या वर खर्च. आयडिया अशी की बिट्युमेनमधला सगळ्यात जड गाळ काढून त्याचाच गॅस करायचा आणि त्यावर वाफ तयार करायची, बाहेरून गॅस घ्यायलाच नको. कागदावर मला आजही ते फार देखणं डिझाइन वाटतं. पण खालचा खडक अपेक्षेपेक्षा खराब निघाला, रोज ७२,००० बॅरल बिट्युमेन यायला हवं होतं आणि सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी निम्मंसुद्धा येईना. वरचा प्लांट उपाशी. भागीदार ओप्टी कर्जाखाली २०११ मध्ये बुडाली, चीनच्या सीनूकने ती उचलली आणि २०१३ मध्ये दुसरी भागीदार नेक्सनही १५ अब्ज अमेरिकन डॉलर देऊन घेतली. २०१५ मध्ये तिथेच पाइप फुटून ५० लाख लिटर इमल्शन सांडलं, तो पाइप नवाच होता आणि फुटल्याचा अलार्मही वाजला नाही.

प्र. रेडिओ लहरी, मायक्रोवेव्ह वगैरे?

हॅरिस ही अमेरिकेतली डिफेन्सवाली कम्युनिकेशन कंपनी काही ऑइल कंपन्यांना घेऊन विहिरीत अँटेना आणि सोबत सॉल्व्हंट असा प्रयोग करत होती. पाणी लागत नाही हे खरं. पण वीज लागते, आणि अल्बर्टाची वीज बहुतांशी गॅसवर. कोळसा २०२४ ला पूर्ण बंद केला ही जमेची बाजू. तरी अर्धा किलोमीटरपेक्षा लांब अँटेना गरम, ओल्या, खाऱ्या जागेत वर्षानुवर्षं टिकवायची म्हणजे चेष्टा नाही. अजून प्रयोगच समजा.

प्र. खाणींच्या टेलिंग्ज तळ्यांचं काय? नवीन टेक्नॉलॉजीने ती आटतील का?

टेलिंग्ज म्हणजे वाळूतून तेल काढल्यावर उरलेलं पाणी आणि गाळ. तळी म्हणू नका, धरणंच आहेत ती. १.३ लाख कोटी लिटरच्या वर गढूळ पाणी साठलंय. वाळू तळाला बसते पण बारीक चिकणमाती पाण्यात तशीच तरंगत राहते, दह्यासारखी, आपोआप बसायला दशकं लागतात. त्यात नॅफ्थेनिक ॲसिडं नावाची विषारी द्रव्यं, उरलेलं बिट्युमेन. एप्रिल २००८ मध्ये सिंक्रूड कंपनीच्या तळ्यावर बदकांचा थवा उतरला, १,६०६ बदकं मेली, ३० लाख डॉलर दंड झाला.

२००९ मध्ये नियम आला की दरवर्षी ठराविक गाळ घट्ट करून दाखवा, कंपन्यांना जमलं नाही, मग नियमच काढून नवीन आणला, जास्त सैल. पॉलिमर घालून बघितलं, सेंट्रिफ्यूज लावून बघितलं, जुन्या खड्ड्यात भरून वर पाणी सोडून तलाव करून बघितला. प्रत्येकाचं थोडं थोडं जमतं. पाण्याशिवाय सॉल्व्हंटने वाळू धुवायचे प्रयोग चालू आहेत, ते जमलं तर नवीन टेलिंग्ज होणार नाहीत, पण मग धुतलेल्या वाळूत सॉल्व्हंट किती राहिला, म्हणजे फिरून आपला तोच प्रश्न.

आणि विश्वासाचा भाग वेगळाच. इम्पीरियलच्या कर्ल खाणीवर मे २०२२ मध्ये गळती दिसली. खालच्या अंगाला अथाबास्का चिपेवायन आणि मिकिस्यू क्री हे आदिवासी समाज राहतात, तिथेच मासेमारी, शिकार करतात. त्यांना नीट सांगितलं केव्हा, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये, दुसऱ्या घटनेत ५३ लाख लिटर पाणी ओव्हरफ्लो झालं तेव्हा. नऊ महिने ती माणसं तिथलं खात-पीत होती. २०२४ मध्ये नियामकाने दंड केला ५०,००० डॉलर. इथे नव्या पिकअप ट्रकला साधारण तेवढे पडतात.

प्र. कंपन्या म्हणतात प्रति बॅरल उत्सर्जन कमी झालं. खोटं बोलतात का?

प्रति बॅरल खरंच कमी झालंय, त्यात आम्हा लोकांची मेहनत आहे, उगाच नाकारणार नाही. वाफेसोबत थोडा मिथेन सोडून एसओआर खाली आणलेले प्रोजेक्ट मी पाहिलेत. पण बॅरलच वाढले. २००५ मध्ये सगळ्या ऑइल सँड्सचं उत्सर्जन ३५ मेगाटनच्या आसपास होतं, आता ८० च्या वर आहे. वातावरणाला 'प्रति बॅरल' कळत नाही.

शिवाय मोजणार कोण. कॅनडाच्या सरकारी शास्त्रज्ञांनी विमानात यंत्रं लावून खाणींवरून उड्डाणं केली, २०१९ मध्ये निष्कर्ष आला की कार्बन डायऑक्साइडची तीव्रता कंपन्यांच्या आकड्यांपेक्षा सरासरी ६४ टक्के जास्त. २०२४ मध्ये दुसरा पेपर आला, हवेत जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनबद्दल, तो रिपोर्ट केलेल्यापेक्षा २० ते ६० पटींनी जास्त निघाला. लबाडी असेलच असं नाही, नियमात ज्या वायूंची यादी आहे तेवढेच मोजायचे आणि बाकीचे सुटतात. पण उद्या नियम बदलला आणि त्या सगळ्यावर कार्बन प्राइस, म्हणजे उत्सर्जनावरचा आकार, लागली तर खर्च कोणाचा वाढेल, हे गुंतवणूकदाराने आजच विचारायला हवं.

प्र. कार्बन कॅप्चरने सुटेल ना सगळं?

क्वेस्ट नावाचा प्रकल्प २०१५ पासून वर्षाला साधारण १० लाख टन कार्बन डायऑक्साइड जमिनीत पुरतोय, चांगला चाललाय, त्याला सरकारने ८६.५ कोटी डॉलर दिले होते. पण तो हायड्रोजन प्लांटचा घट्ट वायू पकडतो. सॅगडीच्या बॉयलरचा धूर विरळ, त्यातून कार्बन वेगळा काढणं फार खर्चिक. मोठ्या कंपन्यांच्या पाथवेज अलायन्सने १६.५ अब्ज डॉलरची आणि ४०० किलोमीटर पाइपलाइनची योजना मांडली, कित्येक वर्षं जाहिराती केल्या, आणि २०२४ मध्ये पर्यावरणाचे दावे सिद्ध करा असा कायदा आल्या आल्या स्वतःच्या साइटवरचा सगळा मजकूर काढून टाकला. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडाचं केंद्र सरकार आणि अल्बर्टाचा समझोता झाला, त्यात उत्सर्जनाची प्रस्तावित मर्यादा बाजूला ठेवली आणि नवी पाइपलाइन या कार्बन कॅप्चरच्या गाठीला बांधली. एका सहीने गणित बदलतं, आणि पुढच्या सहीने परत बदलेल.

प्र. एवढी भानगड आहे तर मोठ्या कंपन्या नफ्यात कशा?

कारण त्यांचे प्लांट बांधून झालेत, कर्ज बऱ्यापैकी फिटलंय, आणि एकदा चालू झालं की वीस-तीस वर्षं उत्पादन फारसं घटत नाही. जुनी चाळ भाड्याने देणाऱ्याचं बरं चालतं तसं. नवीन बिल्डिंग बांधणाऱ्याचं गणित वेगळं. म्हणूनच बघा, नफा होऊनही कोणी सहसा नवीन मोठा प्रोजेक्ट काढत नाही, जुन्यालाच जोड देतात आणि उरलेले पैसे डिव्हिडंड, बायबॅकमध्ये वाटतात. जे पैसे लावून बसलेत तेच नव्या तंत्रावर पैसे लावत नाहीयेत, यातून काय ते घ्या.

बाहेरचे बरेच निघून गेले. शेल आणि कोनोकोफिलिप्सने २०१७ मध्ये मोठा हिस्सा विकला. टोटलने २०२० मध्ये इथल्या मालमत्तेची किंमत कित्येक अब्जांनी खाली आणली. टेक नावाच्या कंपनीने २०.६ अब्ज डॉलरचा फ्रंटियर प्रोजेक्ट २०२० मध्ये मंजुरीच्या तोंडावर मागे घेतला आणि १.१३ अब्ज राइट-ऑफ केले. नॉर्वेच्या सरकारी फंडाने त्याच वर्षी इथल्या चार मोठ्या कंपन्या यादीतून काढल्या, आणि तो फंड स्वतः तेलाच्याच पैशावर उभा आहे, ही एक गंमत.

प्र. तेलाचा भाव चढला की सगळं ठीक होईल?

बातमीत दाखवतात तो डब्ल्यूटीआयचा, म्हणजे अमेरिकेतल्या हलक्या तेलाचा भाव, बिट्युमेनला तो मिळत नाही. जड तेल, लांबचा प्रवास, पाइपात ढकलायला ३० टक्क्यांच्या आसपास कंडेन्सेट मिसळावं लागतं तेही विकत. या दोन भावांतला फरक २०१८ च्या शेवटी बॅरलमागे ४० डॉलरच्या वर गेला, सरकारला उत्पादनच कमी करायला सांगावं लागलं. कीस्टोन एक्सएल ही अमेरिकेत जाणारी पाइपलाइन २०२१ मध्ये बायडेनने पहिल्याच दिवशी रद्द केली, अल्बर्टा सरकारचे सव्वा अब्जाच्या वर त्यात गेले. ट्रान्स माउंटन पाइपलाइन कॅनडा सरकारने ४.५ अब्जांना घेतली, विस्तार पूर्ण होईपर्यंत खर्च ३४ अब्जांवर. मे २०२४ पासून ती चालू आहे आणि फरक कमी झालाय, हे मान्य. पण पुढचा प्लांट उत्पादनाला लागेपर्यंत पाच-सात वर्षं जातात, तेव्हा भाव काय असेल?

प्र. भारताचा याच्याशी काय संबंध?

फार नाही. २०२४ मध्ये रिलायन्सने नव्या लाइनमधून आलेलं कॅनेडियन जड क्रूड घेतल्याच्या बातम्या होत्या, जामनगरची रिफायनरी असलं जड तेल पचवू शकते. बाकी संबंध म्हणजे कॅलगरी आणि फोर्ट मॅकमरीतली आपली माणसं. भाव पडला की गणपतीची वर्गणी कमी होते, इतका थेट.

प्र. संत्र्याच्या सालीपासून केलेला सॉल्व्हंट, एकदम ग्रीन, अशी टिप आलीये. घेऊ का?

ही टिप दहा वर्षं जुनी आहे, फिरून आली. कॅलगरीच्याच यूएस ऑइल सँड्स कंपनीने अमेरिकेत यूटामध्ये पीआर स्प्रिंगला लिंबूवर्गीय सालीतल्या लिमोनीनने वाळू धुवायचा प्लांट काढला. टेलिंग्ज तळं नाही, विष नाही, वास छान. २०१७ मध्ये कंपनी बुडून रिसीव्हरच्या ताब्यात गेली. सॉल्व्हंट संत्र्याचा असो की पेट्रोलचा, वाळूत किती राहिला आणि तो किती डॉलरचा, हे सुटत नाही.

तरी घ्यायचंच असेल तर कंपनीला चार गोष्टी विचारा. पायलट सलग किती महिने चालला, बंद न पडता. सॉल्व्हंट परतीचा आकडा कोणी मोजला, त्यांनी की तिसऱ्याने. खडक कोणाचा, त्यांच्याच लीजचा की शेजारच्या चांगल्या जागेचा उधार घेतलेला. आणि मोठ्या ऑइल कंपनीने स्वतःचे पैसे घातलेत की नुसता 'सहकार्य करार' केलाय. चौथ्याचं उत्तर आलं की पहिल्या तिन्हींची बहुतेक गरज पडत नाही.

प्र. शेवटी साफसफाई कोण करणार?

कायद्याने कंपनी. २०१८ मध्ये नियामकाच्या आतल्या एका प्रेझेंटेशनमधला आकडा बाहेर आला, खाणी आणि टेलिंग्ज मिळून १३० अब्ज डॉलर, नंतर ते म्हणाले हा अगदी वाईटात वाईट अंदाज होता. ठीक, निम्मा धरा. खाणींकडून तेव्हा जमा असलेली ठेव होती एक अब्जाच्या आसपास. नियम असा की खाणीत तेल भरपूर शिल्लक आहे तोवर ठेव जवळजवळ नको, तेलच तारण. तेलाला भावच नसेल तर तारण कसलं, हे विचारलं की बैठक संपते. २००८ मध्ये १०४ हेक्टर जमीन पूर्ववत झाल्याचं पहिलं सर्टिफिकेट मिळालं, गेटवे हिल, मी पाहिलीये, झाडं छान आहेत. फक्त तिथे मुळात खाणीचा खड्डा किंवा टेलिंग्जचं तळं नव्हतं, वरची माती टाकायची जागा होती.

प्र. तू स्वतः घेतलेस का शेअर?

घेतले होते. सॉल्व्हंटवालीच एक छोटी कंपनी, नाव नको. त्यांचा पायलट मी डोळ्याने पाहिलेला, माणसं हुशार, तेल खरंच येत होतं, मी म्हटलं आपल्याला तर आतलं कळतं. चार हजार डॉलरचे घेतले. आज खात्यात किंमत दिसते ३८ डॉलर. विकायला काढले तर ब्रोकरेज आणि कटकट मिळून हातात काही येत नाही, म्हणून तसेच पडलेत. बायको दर मार्चला टॅक्स भरताना ती ओळ दाखवते.